चिंधीच्या पोटात काय आहे

आमच्या शिवणखान्यात एकच नियम आहे आणि तो माझा आहे. मशीनवर सुई मोडली की मशीन बंद. जागचं उठायचं नाही, हातातलं काम तिथेच ठेवायचं आणि मोडक्या सुईचे तुकडे शोधायचे. तुकड्याला तुकडा जुळवून अख्खी सुई झाली की ती वहीत चिकटपट्टीखाली लावायची, तारीख घालायची, मगच नवी सुई मिळणार. टोक सापडलं नाही, तर त्या दिवशीचं काम दाराबाहेर जाणार नाही. आम्ही तान्ह्या बाळांची झबली शिवतो. चार दिवसांच्या बाळाला काय टोचतंय ते सांगता येत नाही. ते आपलं रडतं, आणि आईला वाटतं भूक लागली असेल.

शिवणखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. घराच्या खालच्या दोन खोल्या, तीन मशीन, एक कापायचं टेबल आणि आम्ही तिघी. मी थोरली, माझी जाऊ धाकटी, आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी आई म्हणतो. आई झबल्यांना टिचबटणं लावतात, लोंबते दोरे कापतात आणि काम कमी असलं की आमची भांडणं लावून देतात. आमचे नवरे घरी येतात ते जेवायला आणि "आज काय मोडलं?" असं विचारायला. मी रागीट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. मी रागीट नसते तर पहिल्याच वर्षी मशीन विकून मोकळ्या झालो असतो.

गेल्या हिवाळ्यात धाकटीच्या हातून एक टोक हरवलं. तिची आई पाहुणी आलेली होती, ती त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघाली होती आणि धाकटीला तिला सोडायला स्टेशनवर जायचं होतं. मी नाही सोडलं. "आधी टोक," म्हटलं. दोन तास ती पोरगी बॅटरी घेऊन फरशीवर रांगत होती. शेवटी टोक तिच्याच चपलेच्या तळव्यात रुतलेलं मिळालं. तोवर गाडी केव्हाच गेली होती. ती रडली, पण मला उलट शब्द बोलली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, शिकेल.

आणि चिंधी. चिंधी म्हणजे आमची कुत्री, वय तीन महिने, रंग मळक्या कापसाचा. ती कात्रणांच्या पोत्यात सापडली. पोतं मागच्या दाराशी ठेवलेलं असतं, त्यात कुठूनशी येऊन झोपली होती. आईंनी उचलून आत आणली आणि नावही त्यांनीच ठेवलं. मी बजावलं, "जनावर शिवणखान्यात नको. कपड्यांना केस लागतील." तिसऱ्या दिवशी मीच तिला गादी शिवून दिली, तीही दुहेरी शिलाईची. यावर कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बघितलं असतं.

तर शुक्रवारची गोष्ट. प्रसूतीच्या दवाखान्याचं काम होतं, एकशे वीस झबली, शनिवारी सकाळी पोचवायचीच. धाकटी पाकिटांवर लावायच्या चिठ्ठ्या आणायला गेली होती, आई वर आडव्या झाल्या होत्या, आणि मी एकटी शेवटची पाच-सहा संपवत होते. मानेच्या जाड शिवणीवर मशीन अडलं, मी जोर लावला, आणि टक्! सुई मोडली. दांडा मशीनमध्येच होता, पण टोक उडालं होतं. मी मशीनवरचं झबलं उलटंपालटं करून पाहिलं. मशीनखाली लोहचुंबक फिरवला. खुर्ची हलवून पाहिली, फरशीच्या फटी पाहिल्या. टोक नाही. तयार झबल्यांची टोपली डाव्या हाताला भरून ठेवलेली होती. तिच्यावर चुंबक फिरवून काही उपयोग नसतो, तो टिचबटणांनाच चिकटतो. एकेक शिवण बोटांनी चाचपायची तर सगळी संध्याकाळ गेली असती आणि सकाळची पाकिटं झाली नसती.

माझ्या पेटीत जुन्या सुयांचे तुकडे असतात. त्यातलं एक टोक मी उचललं, दांड्याला लावून पाहिलं, बरं जुळलं, आणि वहीत चिकटवून तारीख घातली. सात वर्षांत पहिल्यांदा. धाकटी परत आली, वहीकडे बघून म्हणाली, "अगंबाई, ताई, तुमच्या हातूनसुद्धा मोडते?" मी म्हटलं, "मोडते. पण सापडते." असं म्हटलं मी. शनिवारी पाकिटं गेली, रविवारी सुट्टी, आणि मी मनाची समजूत घातली की टोक केरात गेलं.

सोमवारी सकाळी खाली आले तर चिंधी दारात आली नाही. एरवी माझ्या पायात पाय घालून मला पाडायचा तिचा रोजचा प्रयत्न असतो. ती गादीवर पाठीची कमान करून बसली होती, तोंडातून लाळ गळत होती, पोट तट्ट फुगलेलं. दूध दिलं तर तोंड फिरवलं. ओकारीसारखं करायची, नुसता फेस यायचा, आणि मग माझ्याकडे बघायची. तिचं ते बघणं मला सहन होईना.

"काहीतरी गिळलंय हिने," आई म्हणाल्या. "दिवसभर मशीनखाली चाटत असते."

मशीनखाली! ते टोक मला सापडलं नाही, पण हिला सापडलं असणार. बोटाच्या पेराएवढंही नसलेलं टोक, आणि ते हिच्या पोटात फिरतंय. नुसतं म्हटलं, "चला, डॉक्टरकडे."

जनावरांच्या डॉक्टरकडे आमच्यापैकी कोणी कधी गेलेलं नव्हतं. काय नेतात, काय सांगतात, काही ठाऊक नाही. आईंनी चिंधीबरोबर तिची गादी, पाण्याची वाटी, दोन टॉवेल आणि एक स्वेटर बांधून दिला, जणू सासरीच पाठवतायत. धाकटीने तिला छातीशी घेतलं, मी पिशवी घेतली. तीन गल्ल्या ओलांडून जायचं होतं. वाटेत धाकटी तिच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होती. "काय सांगतेस तिला?" मी विचारलं. "काही नाही, ताई. ताई आहेत म्हणून सांगते. ताई सगळं नीट करतात." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भरभर चालू लागले.

दवाखान्यात बाकावर आमच्या आधी चौघं होते. एक पोपट पिंजऱ्यात, त्याचा मालक त्याच्याहून जास्त बोलणारा. एक मांजर टोपलीत, ती टोपली मांडीवर घेतलेले आजोबा. टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे केला. नाव लिहा. मी माझं नाव लिहिलं. "तुमचं नाही हो, पेशंटचं." मी खोडलं आणि 'चिंधी' लिहिलं. पोपटवाला वाकून बघत म्हणाला, "चिंधी? गरिबाला नाव तरी बरं ठेवायचं." मी म्हटलं, "तुमच्या पोपटाचं काय नाव?" तो म्हणाला, "पोपट." मी म्हटलं, "मग गप्प बसा." आजोबा हसले आणि आम्हाला पुढे जा म्हणाले, त्यांच्या मांजरीची नुसती नखं कापायची होती. देव त्यांचं भलं करो.

डॉक्टर पन्नाशीचे, जाडसर, आवाज एकदम मऊ. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा तिरका बसवलेला होता, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण तोंड आवरलं. त्यांनी चिंधीला टेबलावर घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय बाई, सकाळी काय खाल्लंत?"

"चहा आणि दोन टोस्ट," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी हिला विचारत होतो."

धाकटी खाली बघून हसली. मलाही एरवी हसू आलं असतं. चिंधी थरथरत होती आणि तिने नाक माझ्या बाहीत खुपसलं होतं. धाकटीच्या नाही, माझ्या. मी तिच्या कानामागे बोट फिरवत राहिले.

डॉक्टरांनी ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोट परत दाबलं. "पोटात काहीतरी साठलंय. कापड वगैरे खाते का?"

"शिवणकाम आहे आमचं," धाकटी म्हणाली. "कात्रणं पडलेली असतात."

"मग तेच. बहुतेक पोटातच आहे अजून, पुढे सरकलेलं नाही. उलटी व्हायचं इंजेक्शन देतो, सगळं बाहेर येईल आणि संध्याकाळी उड्या मारेल." ते कपाटाकडे वळले. "एक मात्र सांगा. टोकदार काही नाही ना गिळलं? टाचणी, सुई, असं काही? जाताना न टोचलेली वस्तू येताना घसा फाडते. तसं असेल तर हे इंजेक्शन द्यायचं नाही."

मी तोंड उघडलं. आणि माझ्या आधी धाकटी बोलली.

"छे हो, डॉक्टर! सुई शक्यच नाही. आमच्याकडे सुईचं नुसतं टोक मोडलं ना, तरी ते सापडेपर्यंत आमच्या ताई कुणाला जागचं हलू देत नाहीत. वहीच आहे तशी. एकेक तुकडा चिकटवलेला. मी स्वतः दोन तास रांगलेय." ती माझ्याकडे वळली. "हो की नाही, ताई?"

तिच्या आवाजात तक्रार असती तर मला चाललं असतं. तक्रार नव्हती. अभिमान होता. ती पोरगी माझ्याबद्दल अभिमानाने बोलत होती, आणि डॉक्टर मान डोलावून बाटलीतून औषध ओढून घेत होते.

मी पळवाट शोधली. खोटं कशाला सांगू, शोधलीच. म्हटलं, "डॉक्टर, एखादा एक्स-रे काढला तर? नुसतं आपलं खात्रीसाठी."

"गरज नाही वाटत. तुम्ही म्हणता ना, सुई नाही. उगीच लहान जिवाला कशाला?"

त्यांनी इंजेक्शनची सुई वर धरली, एक थेंब बाहेर काढला. चिंधीने माझ्या बाहीतून तोंड काढून माझं मनगट चाटलं. तिला आपलं वाटत होतं की मी तिला धरून ठेवलंय म्हणजे काही वाईट होणार नाही.

"थांबा," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुई असेल. शुक्रवारी माझ्याकडून मोडली. टोक सापडलं नाही. मी दुसरंच टोक वहीत चिकटवलं." धाकटीकडे न बघता मी पुढे म्हटलं, "म्हणजे खोटं चिकटवलं."

बाहेर पोपट कुणाला तरी शिव्या देत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले आणि चिंधीला उचलून आतल्या खोलीकडे निघाले. "या, कुणीतरी धरायला हवं."

मी धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने नुसतं पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली, म्हणजे माझे हात मोकळे होतील.

एक्स-रेच्या खोलीत मला तो जाड, जड ॲप्रन घातला आणि चिंधीला आडवं धरायला सांगितलं. ती धडपडत होती. मी तिला म्हणत होते, "गप गं माझे राणी, गप, मी आहे ना, मीच आहे ती मेली, जिने हे केलं." असलं काहीबाही. मशीनचा आवाज झाला आणि संपलं. तो फोटो पडद्यावर यायला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात मी जे जे कबूल केलं, जे जे सोडून द्यायचं ठरवलं, ते सगळं सांगत बसत नाही.

"सुई नाही," डॉक्टर म्हणाले.

मी टेबलाचा कोपरा धरला.

"पण हे बघा. हे गोल काय आहे?"

पडद्यावर चिंधीच्या बारीक फासळ्यांखाली एक छोटा पांढरा ठिपका होता, मध्ये भोक असलेला. धाकटी दारात उभी होती. तिने मान पुढे केली आणि ओरडली, "टिचबटण! आईंचं टिचबटण!"

डॉक्टरांना कळेना. धाकटीने स्वतःच्या सदऱ्याचा गळा ओढून दाखवला, "हे, हे दाबलं की टिच् वाजतं ते." डॉक्टर हसले. गुळगुळीत आहे, काही फाडणार नाही, म्हणाले. मग इंजेक्शन दिलं, आणि दहा मिनिटांत चिंधीने डॉक्टरांच्या मोरीत जे काही काढून दाखवलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, त्यात पिवळ्या कापडाचा एक बोळा होता, निळ्या पट्टीचा एक बोळा होता आणि सगळ्यात शेवटी टण्‌कन पडलेलं टिचबटण. मग तिने अंग झाडलं, आमच्याकडे पाहिलं आणि शेपूट हलवली. जणू काही तिचा या सगळ्याशी संबंधच नव्हता.

मी तिला उचलून तिच्या ओल्या, घाणेरड्या डोक्याचा मुका घेतला. सगळ्यांदेखत. माझा जीव भांड्यात पडला होता. "बघ, काही नव्हतं," मी धाकटीला म्हटलं. "उगीच मी घाबरले. काही नव्हतं बघ हिच्या पोटात."

धाकटी टॉवेल घडी करत होती. तिने घडी करणं थांबवलं.

"मग ताई," ती हळूच म्हणाली, "ते टोक कुठे आहे?"

हे मी आयुष्यात विसरणार नाही. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. शुक्रवारपासून मी त्या टोकाचा विचार केला होता तो फक्त स्वतःपुरता, आणि आज सकाळपासून चिंधीपुरता. डाव्या हाताची भरलेली टोपली माझ्या डोळ्यांसमोर आली. एकशे वीस झबली. एका कुत्रीच्या पोटासाठी मी तोंड उघडलं, कारण ती माझ्या बाहीत नाक खुपसून बसली होती. त्या बाळांसाठी उघडलं नव्हतं, कारण ती मला दिसत नव्हती. नियम कुणासाठी केला होता मी? कुणासाठी?

डॉक्टर म्हणाले, हिला दोन तास इथेच राहू द्या, सलाईन लावतो. मी तिथूनच, टेबलामागच्या बाईंच्या फोनवरून, प्रसूतीच्या दवाखान्यात फोन लावला. मोठ्या सिस्टर आल्या. मी म्हटलं, "पाकिटं उघडू नका. एका झबल्यात सुईचं टोक असू शकतं. माझ्याकडून हरवलं आणि मी लपवलं." मग त्या म्हणाल्या, "सगळी बंदच आहेत. एकच फोडलंय. सकाळी एक बाळ झालं, त्यांची कपड्यांची पिशवी घरीच राहिली, म्हणून पाकिटातलं एक काढून घातलं."

"ते काढा," मी म्हटलं. "मी येते. पण ते आधी काढा."

तिथवर आम्ही टॅक्सीने गेलो. धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा तिच्याकडे वळले, दोनदा काही न बोलता परत पुढे पाहिलं. दुसऱ्यांना बोलायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी एक सापडला नाही.

सिस्टर जिन्यातच भेटल्या. झबलं अजून काढलं नव्हतं. बाळ दूध पीत होतं, त्याच्या आईने पाच मिनिटं थांबा म्हटलं होतं, कशासाठी ते तिला अजून सांगितलेलं नव्हतं. "तुम्हीच सांगा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

खोलीत पलंगावर एक पोरगेलीशी आई, केस विस्कटलेले, डोळे थकलेले, आणि तिच्या दंडावर मूठभर बाळ. आमच्या पिवळ्या झबल्यात. मला बघून तिला वाटलं मी दवाखान्यातलीच कुणी. म्हणाली, "किती मऊ आहे हो हे झबलं! कोणी शिवलंय? शिवण हाताला लागतच नाही."

"मी," म्हटलं. आणि मग बाकीचंही सांगितलं. हात धुऊन आले होते, ते नुसते समोर धरून उभी होते.

ती ओरडली नाही. ओरडायला हवी होती. तिने बाळाला उशीवर ठेवलं आणि अगदी हळू, एकेक हात बाहेर काढत झबलं काढलं. बाळाची पाठ पाहिली, पोट पाहिलं, काखा पाहिल्या, मानेच्या सुरकुत्या बोटाने उघडून पाहिल्या. कुठे काही नव्हतं. बाळ रडायलाही विसरलं होतं, नुसतं डोळे मिचकावत होतं. मी झबलं घेतलं, शिवणीशिवणीतून बोटं फिरवली. त्यात टोक नव्हतं. "दुसरं आणून देते," मी म्हटलं. "घरी जाऊन स्वतः शिवून, धुऊन..."

"नको," ती म्हणाली. तिने बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. "टॉवेलच बरा आहे. तुम्ही बाकीची बघा."

मी मान खाली घालून बाहेर आले. धाकटी बाहेर परत न्यायच्या पाकिटांच्या पेट्या रचत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

घरी परतताना चिंधीला घेतलं. ती धाकटीच्या मांडीवर अख्खा रस्ता घोरत होती. आईंना सगळं सांगितलं. आई एकदाच "अगं थोरले!" म्हणाल्या आणि डोळ्यांना चष्मा लावून बसल्या. मोठ्या टेबलावर आम्ही पाकिटं फोडली. एकेक झबलं उलटं करायचं, गळा, बाह्या, काखा, खालची पट्टी, सगळं दोन बोटांत घेऊन कणाकणाने चाचपायचं, झालं की पलीकडच्या ढिगात टाकायचं. मध्येच मशीन झाकायचं कापड पडलं तर तिघी दचकलो. दुपार गेली. आईंचे डोळे पाणावायला लागले तसं धाकटीने त्यांना चिंधीसकट वर धाडलं. आम्ही दोघी उरलो. मोजायचं मी केव्हाच सोडलं होतं.

"स्स्!" धाकटी म्हणाली.

तिने बोट वर धरलं. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता. दुसऱ्या हातात हिरव्या किनारीचं झबलं होतं. तिने गळ्याची पट्टी उलगडली आणि दुमडीच्या आतून नखाने ते टोक बाहेर ढकललं. तांदळाच्या दाण्याएवढं. अगदी मानेशी, जिथे बाळ मान वळवतं तिथे.

तिने ते टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. मी तरीही हातातलं झबलं चाचपतच होते. बोटं थांबेनात.

"ताई, सापडलं. ठेवा ते."

"तू मला काही बोलत का नाहीस?" मी म्हटलं. आवाज चढला माझा, सवयच ती. "सकाळपासून एक शब्द नाही! मी तुला रांगवलं, तुझ्या आईला भेटू दिलं नाही. बोल ना! तुला बोलायचा हक्क आहे, बोल!"

"बोलणार आहे," धाकटी शांतपणे म्हणाली. बोट तोंडात घालून तिने रक्त चोखलं. "चांगलं तासभर बोलणार आहे. सगळं बाहेर काढणार आहे. पण उद्या. आज तुम्ही आधी रडून घ्या."

"मी कशाला रडू?" मी म्हटलं, आणि तिथेच माझा आवाज फुटला.

ती उठली आणि रस्त्याकडच्या दाराशी गेली. मला वाटलं, मला एकटीला सोडून बाहेर निघून जाईल. तिने आतून कडी घातली, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.